फाइल कोणाच्या घरी राहणार?

पत्रातला प्रश्न: नागपुरात राहणारे एक निवृत्त बँक अधिकारी लिहितात. वय ६१. नोकरीतली सहा वर्षं रामटेक तालुक्यातल्या एका शाखेत गेली, तेव्हापासून देवलापारच्या बाजूच्या एका गावात त्यांचं जाणं-येणं आहे. तिथली १९ कुटुंबं, १५ गोंड आणि ४ गोवारी, वनजमिनीवर कैक वर्षांपासून धान आणि तूर पिकवतात. वनहक्क कायद्याखाली त्यांनी पूर्वी दावे केले होते, ते 'पुरावा अपुरा' या शेऱ्याने नामंजूर झाले. गेलं वर्षभर हे गृहस्थ पदरचे पैसे खर्चून त्यामागे लागले आहेत. सगळ्यांचे मूळ कागद गोळा करून त्यांनी नागपूरच्या घरी एका सुटकेसमध्ये लावून ठेवलेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला गावात बैठक घेतात. फेब्रुवारीत ३१ माणसं आली, मार्चमध्ये १४, एप्रिलमध्ये ६, मेमध्ये ३. गावातला एक म्हातारा म्हणाला, "साहेब, तुमीच पाहून घ्या ना जी." वकील मित्र सांगतो, सरळ हायकोर्टात याचिका टाका. तालुक्याच्या गावचा एक इसम कुटुंबामागे पाच हजार घेऊन 'काम करून द्यायला' तयार आहे. मुलगा म्हणतो, बाबा, पेन्शन उडवू नका. त्यातच एक कुटुंब आपला तुकडा ४० हजारांत पुतण्याला लिहून द्यायला निघालंय. पत्रलेखक विचारतात: याचिका करू, त्या माणसाला पैसे देऊ, एखादी संस्था नोंदवू की सोडून देऊ? लोकांनाच नको असेल तर आपण जीव का जाळायचा?

काका, नमस्कार.

सात पानी पत्र, सुवाच्य अक्षर, प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक, शेवटी बैठकांच्या हजेरीचा तक्ता. बँकेतल्या माणसाचं पत्र आहे हे पहिल्या पानावरच कळलं. तुमचा हा नीटनेटकेपणा पुढे फार उपयोगी पडणार आहे. पण याच नीटनेटकेपणातून एक गोष्ट झालीय, तिच्यापासून सुरुवात करते.

सुटकेस परत न्या. पुढच्या फेरीतच न्या.

तुम्ही लिहिलंय, "मूळ कागद गावात उंदीर-वाळवीच्या तोंडी जातील म्हणून मी घरी आणले." हेतूबद्दल मला शंका नाही. आमच्या घरी माझ्या आजोबांच्या शेताचे कागद असेच एका नातेवाइकाने सांभाळायला नेले होते. माणूस देवासारखा. तो गेला, आणि ती पिशवी कशाची आहे हे त्याच्या मुलांना ठाऊकच नव्हतं. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे गेली. त्यानंतर नकला काढायला वडिलांनी किती खेटे घातले ते मी लहानपणी पाहिलंय, टेबलापलीकडचा प्रत्येक माणूस विचारायचा, "मूळ प्रत कुठंय?" तुम्ही ६१ वर्षांचे आहात. तुमच्या मुलाला त्या सुटकेसमधला कोणता कागद कोणाचा हे सांगता येईल का?

भीती फक्त हरवण्याची नाही. उद्या वनहक्क समितीने किंवा एखाद्या साहेबाने गावात येऊन "दाखव तुझा कागद" म्हटलं, तर तो माणूस काय सांगणार? "नागपूरच्या साहेबांकडं हाय जी." त्या एका वाक्याने तो स्वतःच्याच प्रकरणात तिऱ्हाईत होतो. बैठकांना माणसं का येईनात, याचं थोडंफार उत्तर मला या सुटकेसमध्ये दिसतं. ज्याच्या घरी फाइल, त्याचं काम, असंच कोणालाही वाटेल. तो म्हातारा तुम्हाला टाळत नव्हता. त्याने वस्तुस्थिती सांगितली.

थोडंफार म्हटलं, कारण दुसरं उत्तर तुमच्या हजेरीच्या तक्त्यातच आहे. तो तक्ता मी कॅलेंडरशेजारी ठेवून पाहिला. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. उजाडायच्या आधी बायका-पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात आणि ऊन चढेपर्यंत वेचतात. मेमध्ये तेंदू. पहाटे पान तोडायचं, दुपारी सावलीत बसून ७० पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, मोजून द्यायचे. वर्षाची मीठ-मिरची त्या पंधरा दिवसांत निघते. तुम्ही सकाळी दहाची बैठक ठेवलीत. आता धानाच्या रोवणीचे दिवस आहेत, आताही कोणी यायचं नाही. लोकांना 'नको' असल्याचा निष्कर्ष काढण्याआधी एकदा रात्री आठला बैठक घेऊन बघा, आणि वार त्यांना ठरवू द्या. मुक्कामाची तयारी ठेवावी लागेल. शेवटची एसटी चुकेल.

आणखी एक. तुमच्या पत्रात 'लाभार्थी' हा शब्द ११ वेळा आलाय. मी मोजले. बँकेत तो शब्द ठीक, अनुदानाच्या योजनेत ठीक. पण २००६च्या या कायद्याच्या नावात 'वनहक्कांची मान्यता' असे शब्द आहेत. सरकार इथे जमीन वाटत नाही. आधीपासून होता, पण कागदावर कधी आलाच नाही असा हक्क ते मान्य करतं. या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला, असं कायद्याच्या उद्देशिकेतच लिहिलंय. म्हणून ही १९ कुटुंबं दावेदार आहेत. शब्दाचा हा फरक कीस काढण्यासाठी सांगत नाही. लाभार्थी साहेबासमोर हात जोडून उभा राहतो आणि दावेदार पोच मागतो. गावातला प्रत्येक जण 'पोच द्या' म्हणायला शिकला, तर तुमच्या वर्षभराच्या धावपळीहून ते मोठं काम होईल.

आता कागदांकडे येऊ. इथे तुमचा हात लागेल.

'पुरावा अपुरा' असं लिहून दावा परत आला, एवढं तुम्ही सांगता. परत कोणी केला? हे तुमच्या सात पानांत कुठेच नाही, आणि सगळं त्यावरच अवलंबून आहे. दावा आधी ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे जातो, ती जागेवर पडताळणी करते, ग्रामसभा ठराव करते. मग उपविभागीय समिती, आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हास्तरीय समिती. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे ६० दिवसांत दाद मागता येते, समितीला वाटलं तर आणखी ३० दिवस मिळतात. दिवस मोजायचे ते निर्णय दावेदाराला कळवल्या तारखेपासून, आणि कळवायचा तो प्रत्यक्ष त्याला. १९ पैकी किती जणांच्या हातात असं पत्र पडलं? माझा अंदाज आहे की बऱ्याच जणांना नामंजुरी तोंडी कळली असेल, चहाच्या टपरीवर, कोणाच्या तरी मार्फत. तसं असेल तर मुदत संपली असं कोणी म्हणालं तरी लगेच मान्य करू नका.

२०१२च्या दुरुस्तीने नियमांत काही फार कामाच्या गोष्टी आल्या. उपविभागीय किंवा जिल्हास्तरीय समितीने ग्रामसभेचा ठराव डावलला तर सविस्तर कारणं द्यावी लागतात. केवळ तांत्रिक मुद्द्यावर दावा फेटाळता येत नाही. ठराव अपुरा वाटला तर उपविभागीय समितीने तो फेटाळायचा नाही, फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचा. आणि कोणत्याही एकट्या अधिकाऱ्याला, त्याचा हुद्दा काहीही असो, दावा नामंजूर करण्याचा अधिकार नाही. वनरक्षकाने किंवा पटवाऱ्याने "हे नाही होत" म्हणून कागद परत केले असतील तर ती कायद्याने नामंजुरीच नव्हे. 'पुरावा अपुरा' या दोन शब्दांचा शेरा या कसोट्यांवर कितपत टिकेल, ते तुम्हीच ठरवा.

म्हणून पहिलं काम माहिती अधिकाराचा अर्ज. उपविभागीय समितीच्या बैठकीचं इतिवृत्त, त्यांच्याकडची प्रत्येक दाव्याची नस्ती, दावेदाराला निर्णय कळवल्याचा पुरावा, एवढं मागा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज तुमच्या नावाने टाकू नका. गावातली बारावी झालेली एखादी मुलगी असेलच, तिच्या हाताने लिहून घ्या आणि त्या घराच्या नावाने टाका. तुम्ही शेजारी बसून मसुदा तपासा. कर्जाच्या फाइली तुम्ही आयुष्यभर तपासल्यात, तुमच्या नजरेतून त्रुटी सुटणार नाही.

पुराव्याबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. सातबारा नाही म्हणजे काहीच नाही, असं त्यांना वाटतं. सातबारा असता तर दावा कशाला केला असता? नियमांत पुराव्यांची लांबलचक यादी आहे आणि त्यातले एकापेक्षा जास्त लागतात: मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, जुने नकाशे, जुन्या जमीन-मोजणीच्या बंदोबस्ताचे कागद, शेतातली विहीर, बांध, मसणवट, देवाचं ठाणं, वंशावळ, आणि दावेदार सोडून गावातल्या इतर वृद्धांचं लेखी घेतलेलं निवेदन. तुम्हाला 'तुमीच पाहून घ्या' म्हणणारा म्हातारा स्वतःच एक पुरावा आहे, काका. त्याचं बोलणं लिहून घेतलंय का? उपग्रहाचं चित्र पुरवणी म्हणून चालतं, पण चित्रात शेत दिसत नाही एवढ्या कारणाने बाकीचे पुरावे बाजूला सारता येत नाहीत.

आणि दंडाच्या पावत्या. हे गावात गेल्यावर आवर्जून विचारा, पण चारचौघांत नको. जंगलात नांगरला म्हणून वनखात्याने पूर्वी ज्यांच्यावर गुन्हे नोंदवले, दंड केले, त्यांच्याकडे ती चिठ्ठी कुठेतरी आढ्याला खोचलेली असते. लोक ती लाजेने किंवा भीतीने लपवतात. आपल्याला गुन्हेगार ठरवणारा कागद साहेबाला कोण दाखवेल? पण १३ डिसेंबर २००५च्या आधी हा माणूस त्या तुकड्यावर होता, हे खुद्द वनखात्यानेच त्यात लिहून दिलेलं असतं. ही तारीख या कायद्याची सीमारेषा आहे. वनखात्याने लिहून दिलेल्या या कागदाशी वाद घालणं वनखात्यालाही जड जातं.

आपल्या भागाचं एक वेगळेपणही ध्यानात ठेवा. १९५६ पर्यंत विदर्भ मध्य प्रदेशात होता, त्याआधी मध्य प्रांतात. त्यामुळे आपले जुने कागद पुण्या-नाशिकच्या कागदांसारखे नाहीत. इथे मालगुजारी म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत होती, वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावच्या रूढी-हक्कांची नोंद आणि निस्तार पत्रक होतं, १९५४-५५ची अधिकार अभिलेख पंजी म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंदवही आहे. सरपण, चराई, गवत, मोह कुठून घ्यायचा हे निस्तारात लिहिलेलं असायचं, आणि वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये 'निस्तार' हा शब्द जसाच्या तसा आलाय. जुन्या अभिलेखांतून या नकला काढणं हे खेड्यातल्या माणसासाठी चार दिवसांच्या मजुरीचं नुकसान आहे. तुम्ही नागपुरात राहता आणि सकाळी मोकळे असता. हे काम मात्र खुशाल तुम्हीच करा, फक्त नकला गावात पोचवा.

चार गोवारी कुटुंबांचं प्रकरण वेगळं आहे, ते बाकीच्यांत मिसळू नका. नागपूरकराला गोवारी म्हटलं की २३ नोव्हेंबर १९९४ आठवतो. विधानभवनावरच्या मोर्चात ११४ गोवारी चेंगरून मेले, त्यांत बाया-लेकरं किती! मागणी अनुसूचित जमातीच्या दर्जाची होती. २०१८ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे आज ते अनुसूचित जमातीत नाहीत, आणि वनहक्क कायद्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून येतात. त्यांना २००५च्या आधीची तीन पिढ्यांची, ७५ वर्षांची गोष्ट सिद्ध करावी लागते. इथे दावे हमखास अडकतात, कारण ७५ वर्षं म्हणजे त्याच तुकड्यावर ७५ वर्षांचा ताबा, असं समजून ते फेटाळले जातात. कायद्यात ७५ वर्षं आहेत ती जंगलात किंवा जंगलालगत राहण्याची आणि त्यावर पोट असण्याची. ताब्याची तारीख त्यांनाही १३ डिसेंबर २००५ हीच. त्यांच्यासाठी शाळेचे दाखले, आजोबा-पणजोबांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, गुराखीपणाच्या जुन्या नोंदी शोधा. वेळ लागेल. १५ कुटुंबांचं आधी झालं आणि यांचं राहिलं तर गावात फूट पडेल, हे आजच सगळ्यांसमोर बोलून ठेवा.

तुमच्या पत्रात एक ओळ ओझरती आली आहे, दोन तुकडे 'झुडपी' आहेत म्हणून. ती ओझरती सोडू नका. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांची ही खास डोकेदुखी. महसूल दप्तरात पडीक झुडपांची जमीन म्हणून नोंदलेली, वनखातं म्हणतं जंगल. २२ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल हे वनच असल्याचं म्हटलं, आणि १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने रीतसर दिलेल्या जमिनींना वेगळी वाट ठेवली. त्या दोन घरांकडे जुना वाटपाचा काही कागद आहे का, हे आधी पाहा. त्यांचं प्रकरण वकिलाला स्वतंत्र दाखवा.

वकिलावरून याचिकेकडे येते. तुमचा मित्र हुशार असेल, सिव्हिल लाइन्समधलं खंडपीठ तुमच्यापासून दोन-चार किलोमीटरवर असेल, पण तिथे पहिला प्रश्न येईल: कायद्यात दिलेली दाद मागून आलात का? समजा याचिका दाखल झाली आणि फार चांगला निकाल लागला, तरी बहुधा तो असा असेल की समितीने फेरविचार करावा. फाइल पुन्हा उपविभागीय अधिकाऱ्याच्या टेबलावर. त्या दिवशी फाइलमध्ये आजच्याइतकाच पुरावा असेल तर मिळवलं काय? आधी फाइल भरा. कोर्टाची पायरी चढायची वेळ आलीच तर अर्जदार तेच असतील आणि वकील फुकट मिळेल: अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १५१०० हा त्यांचा फोन. गोवारी कुटुंबातले पुरुष त्यात थेट बसत नाहीत, त्यांच्यासाठी उत्पन्नाची मर्यादा पाहावी लागेल.

एवढ्यात घर-शेत खाली करायची नोटीस आली तर मात्र थांबू नका. पडताळणीची प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत वननिवासीला हटवता येत नाही, असं कलम ४ मध्ये स्वच्छ लिहिलंय. फेब्रुवारी २०१९ मध्ये नामंजूर दावेदारांना हटवण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला होता आणि पंधरा दिवसांत स्वतःच स्थगित केला, हे गावात माहीत असलेलं बरं. त्या वेळची धास्ती लोकांच्या मनातून अजून गेलेली नाही.

पाच हजारवाल्याला नाही सांगा. दाव्याचा छापील नमुनासुद्धा फुकट मिळायला हवा, असा नियम आहे. १९ गुणिले पाच हजार किती होतात ते तुम्हाला सांगायला नको.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही ते विचारते. ही १९ नावं आली कुठून? तुमच्या ओळखीच्या एका माणसाने यादी दिली असं तुम्ही लिहिता. त्या यादीत एकट्या बाईचं नाव एकही नाही. त्या गावात विधवा नाही? नवऱ्याने टाकलेली, भावाच्या आसऱ्याने राहून वेगळा तुकडा कसणारी कोणी नाही? वीटभट्टीवर गेलेलं घर? पट्टा मिळतो तेव्हा तो नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा, आणि एकटी व्यक्ती कुटुंबप्रमुख असेल तर तिच्या नावे, हे कायद्यातच आहे. तुमच्या फाइलींवर मात्र प्रत्येकी एकच नाव, पुरुषाचं. तुम्ही मुद्दाम केलं नाही, कर्जाच्या फाइलीवर असंच असायचं. पण ही सुटकेस परत न्याल तेव्हा त्या फाइलींवर दुसरं नाव लिहायला बायांनाच सांगा. वनहक्क समितीत किमान एकतृतीयांश बाया लागतात आणि ग्रामसभेच्या उपस्थितीतही. त्या फक्त सहीपुरत्या येतात की बोलतात, हे रात्रीच्या बैठकीत कळेल.

बँकेचा विषय निघालाच आहे तर पट्ट्याबद्दलही बोलू. "पट्टा मिळाला की त्यावर पीककर्ज, विहीर, आणि पाच वर्षांत गाव उभं राहील," असं तुम्ही मांडलंय. तुम्ही जमिनीकडे तारण म्हणून पाहता, सवयच आहे. पण वनहक्काचा पट्टा वारसाने पुढे जातो, विकता येत नाही, हस्तांतरित करता येत नाही. तारणाच्या हिशेबात तो कच्चा. मला विचाराल तर त्याची खरी किंमत तिथेच आहे, कारण सावकाराच्या घशातही तो जात नाही. पण मग त्यातून गाव 'उभं राहण्याचा' हिशेब बदलतो. कायद्यात कमाल मर्यादा चार हेक्टर आहे, मिळते ती प्रत्यक्ष कसत्या जमिनीएवढीच, आणि तुमच्या १९ जणांत बहुतेकांचे तुकडे दोन एकरांच्या आतले. कोरडवाहू दोन एकरांत काय होतं ते तुम्ही शाखेत पाहिलंय.

४० हजारांत तुकडा लिहून देणारं कुटुंब याच गाठीत अडकलंय. त्या स्टँपपेपरला कायद्यात काही किंमत नाही, हे पुतण्याला समजावून सांगा, त्याचेही पैसे बुडतील. पण त्या घराला ४० हजार कशाला हवेत, हे विचारलंत का? लग्न, दवाखाना, जुनं कर्ज? तुम्ही ३० वर्षं लोकांना कर्ज दिलंत. बचत गटातून, सोसायटीतून, आणखी कुठून ती गरज भागेल, हे तुमच्याइतकं चांगलं त्यांना कोण सांगेल?

आणि जंगलाचा प्रश्न एकेकट्या तुकड्यापुरताच का ठेवायचा? गडचिरोलीच्या मेंढा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या कामातली देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावं तुम्ही ऐकली असतील. मला त्या गोष्टीत दोन गोष्टी नेहमी महत्त्वाच्या वाटतात. एक, हक्काचा कागद येण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून तिथे अभ्यासगट चालायचे, गावकरी बसून एकेक विषय समजून घ्यायचे आणि निर्णय सर्वांच्या संमतीने व्हायचा. दोन, २००९ला हक्क मिळूनही गावाला स्वतःचा बांबू बाहेर न्यायचा परवाना मिळायला २०११ उजाडलं, त्यासाठी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात यावं लागलं. कागद मिळाल्यावरही दोन वर्षं झगडा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, तिथेही ग्रामसभाच बांबू विकते. तुमच्या गावाच्या आसपास बांबू नसेल, पण मोह आणि तेंदू आहेतच. नागपूर जिल्हा पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणाऱ्या कायद्याच्या क्षेत्रात, येत नाही हे खरं, पण वनहक्क कायद्याला ती अट नाही. सामूहिक दावा करायचा की नाही हे अर्थात गावाने ठरवायचं. तुम्ही फक्त दोघा-चौघांना पाचगाव दाखवून आणा. जाण्या-येण्याचं भाडं तुमचं, जेवण त्यांनी ठरवावं.

संस्था नोंदवू नका, निदान दोन वर्षं. लेखापरीक्षण, धर्मादाय आयुक्तांकडचे बदल अर्ज आणि पदाधिकाऱ्यांचे रुसवेफुगवे यात तुमचे रविवार जातील, आणि मग संस्थेच्या अहवालासाठी तरी ती १९ कुटुंबं 'लाभार्थी' राहावी लागतील.

मुलाचं म्हणणं मला पटतं. पेन्शनमधली महिन्याची एक रक्कम ठरवून घरात सांगा आणि तिच्यापुढे जाऊ नका. झेरॉक्सला, एसटीला गावानेही घरामागे वीस-तीस रुपये काढावेत. रक्कम फालतू आहे, पण स्वतःचे पैसे घातले की माणूस हिशेब विचारतो, आणि तुमच्या बैठकीत अजून कोणीच हिशेब विचारलेला नाही. तो विचारतील त्या दिवशी नाराज होऊ नका.

तर सुटकेस. सगळ्या कागदांच्या तीन-तीन प्रती काढा: एक तुमच्याकडे, एक ग्रामसभेच्या दप्तरात, एक अर्जाला. मूळ कागद प्रत्येकाच्या हातात द्या, प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत, आत कडुलिंबाचा पाला. देताना प्रत्येक कागद कशाचा आहे ते वाचून दाखवा, वाचता येत नसेल त्याच्या पोराला वाचायला लावा. एका रात्रीत चार-पाच घरं होतील, घाई करू नका. रामटेकच्या कार्यालयात अर्ज द्यायला जाल तेव्हा दोन बाया आणि एक पुरुष बरोबर घ्या, खिडकीपाशी त्यांना उभं करा, तुम्ही बाकावर बसा. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच हातात पडेपर्यंत कोणी हलायचं नाही. पहिल्या वेळी बाबू तुमच्याकडेच पाहून बोलेल. तुम्ही खिडकीबाहेर पाहा.

रोवणी आटोपली की मला पुन्हा लिहा. सात पानं नकोत. १९ नावांपुढे एवढंच हवं: नामंजुरीच्या कागदावर कोणत्या समितीची सही आहे, आणि तो कागद त्या घरात कोणत्या तारखेला पोचला. ज्यांच्याकडे कागदच नाही, त्यांच्यापुढे फुली मारा. त्या फुल्या किती निघतात यावरून पुढचं ठरवू.